एकवीस दिवसांचा वायदा

इसवी सन १९१३ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सरकारी टपालखात्याने पार्सले वाहण्याचे काम अंगावर घेतले, आणि या नव्या सोयीची परीक्षा पाहण्याच्या हौसेने लोकांनी टपालाच्या हवाली काय काय केले याच्या ज्या हकिकती पुढे सांगितल्या जाऊ लागल्या त्यांतली एक सहा अंड्यांची आहे. मिसूरीतील सेंट लुई शहरातून इलिनॉयमधील एडवर्ड्सव्हिल या गावी ही सहा अंडी रवाना झाली आणि सात तासांनी सेंट लुईला परत आली, ती केकच्या रूपाने. खाण्याच्या अंड्याचा हिशेब हा असा झटपट उरकतो. ते चांगले की नासके हे चुलीपाशी तत्काळ रुजू होते आणि देणाऱ्याघेणाऱ्याचे खाते त्याच दिवशी बंद होते. परंतु त्याच टपालाने, तशाच कागदात गुंडाळलेले आणि दिसण्यात तसूभरही निराळे नसलेले दुसरे एक अंडे जात असे, आणि त्याचा निकाल लागण्यास सात तास पुरत नसत, एकवीस दिवस लागत. उबवणीसाठी पाठविलेले ते अंडे.

या जिनसेचा व्यापार व्यापारशास्त्रात मोठा चमत्कारिक म्हणावा लागेल. विकणाऱ्यास कवचाच्या आत काय आहे ते दिसत नाही, घेणाऱ्यास दिसत नाही, आणि वाहून नेणाऱ्यास तर पार्सलाच्या दोरीपलीकडचे काहीच दिसत नाही. धान्य मुठीत घेऊन पारखता येते, बैलाचे दात मोजता येतात, कापडाचा पोत बोटांना कळतो. येथे मात्र दाम मोजले जातात ते एका वायद्याबद्दल, आणि वायद्याची मुदत संपेपर्यंत तो खरा की खोटा हे कोणालाच सांगता येत नाही. असा व्यापार शे-दीडशे वर्षे चालला, वाढला आणि अद्यापि पुरता मोडलेला नाही, याचा अर्थ त्याने आपल्यापुरती काही हमी, काही दस्तूर आणि काही न्यायाची रीत निर्माण केली असली पाहिजे. ती कशी घडली हे पाहण्यासारखे आहे.

मुळात जिवंत वस्तू पाकिटात घालून पाठविता येते ती निसर्गाने ठेवलेल्या एका सवलतीमुळे. अंडे घातले जाते तेव्हाच, ते फलित असल्यास, आतील जीवाचा प्रारंभ झालेला असतो. बलकाच्या पृष्ठभागावर फिकट ठिपक्याएवढ्या जागेत हजारो पेशींचा समुदाय सिद्ध असतो. कोंबडीच्या देहाची ऊब सुटताच त्याची वाढ थांबते, आणि सुमारे वीस-एकवीस अंश सेंटिग्रेडच्या खाली उष्णता राहिली तर ती थांबलेलीच राहते. ही सोय टपालखात्यासाठी झालेली नाही, हे सांगावयास नकोच. कोंबडी रोज एक किंवा दिवसाआड एक याप्रमाणे अंडी घालते, दहाबारा साठल्यावर खुडूक होते आणि मगच रवणावर बसते. पहिल्या अंड्यातला जीव जर घातल्या दिवसापासूनच वाढू लागला असता, तर त्याचे पिल्लू फिरू लागले तेव्हा शेवटचे अंडे अर्धेकच्चे राहिले असते आणि आईला दोहोंपैकी एकाचा त्याग करावा लागला असता. म्हणून पहिले अंडे शेवटच्याची वाट पाहते. या वाट पाहण्याच्या मुदतीतले चारदोन दिवस माणसाने उसने घेतले आणि तेवढ्यात ते अंडे आगगाडीच्या डब्यातून शेकडो कोस दूर नेले, एवढाच या सर्व उद्योगाचा मूलमंत्र आहे. ही उसनवारी आठवडाभर फारशी अंगाशी येत नाही. त्यापुढे मात्र दिवसागणिक जीव क्षीण होत जातो.

टपालापूर्वी अंडे फार दूर जात नसे. मिसर देशात मातीच्या विटांच्या भट्ट्यांतून हजारो अंडी एका वेळी उबविण्याची विद्या अतिप्राचीन काळापासून चालत आलेली होती, आणि नाईलच्या मुखप्रदेशातील बर्मे नावाच्या गावचे लोक त्या विद्येचे वंशपरंपरागत धनी समजले जात. उष्णतामापक यंत्राचा पत्ता नसलेले ते कारागीर अंडे आपल्या पापणीस लावून त्याची ऊब पारखीत. रेओमूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७४९ साली कृत्रिम उबवणीवर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या भट्ट्यांचे सविस्तर वर्णन आहे. परंतु आपल्या विषयास अधिक उपयोगी अशी जी गोष्ट तिकडे गेलेल्या युरोपीय प्रवाशांच्या ध्यानात राहिली, ती तेथील कराराची. आसपासच्या खेड्यांतील लोक अंडी आणून भट्टीवाल्याच्या स्वाधीन करीत, आणि त्याच्यावर बंधन असे ते एवढेच की दर तीन अंड्यांमागे त्याने दोन पिले परत द्यावीत. अधिक निघाली तर ती त्याची, कमी निघाली तर तोटाही त्याचा. आपल्याकडे शेळी किंवा कोंबडी अर्धेलीने देण्याची जी चाल आहे तिच्याच कुळातला हा करार. न दिसणाऱ्या वस्तूबद्दल भांडत बसण्यापेक्षा, दर तिनांत एक जीव हा देवाघरचा वाटा असे आधीच कबूल करून टाकावे, हे शहाणपण त्यात आहे. मात्र हा करार गावातल्या गावात होता. देणारा आणि घेणारा एकमेकांस तोंडाने ओळखत होते.

तोंडओळख नसलेल्या माणसांत अंड्यांचा व्यवहार सुरू झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, आणि त्यास कारण झाले एक वेड. अफूच्या पहिल्या युद्धानंतर १८४२ च्या तहाने शांघाय आदी चिनी बंदरे इंग्रजांच्या व्यापारास मोकळी झाली आणि तेथून येणाऱ्या जहाजांबरोबर पायांपर्यंत पिसांनी झाकलेल्या, देहाने अवाढव्य अशा कोंबड्या इंग्लंड-अमेरिकेत उतरू लागल्या. १८४९ च्या नोव्हेंबरच्या १५ व १६ तारखांस बोस्टनच्या सार्वजनिक उद्यानात कोंबड्यांचे प्रदर्शन भरले. २१९ लोकांनी १,४२३ पक्षी मांडले आणि पाहणाऱ्यांची संख्या दहा हजारांवर गेली. डॅनियल वेब्स्टरसारख्या राष्ट्रीय पुढाऱ्याने त्यात आपले पक्षी ठेवले होते, यावरून हे खूळ कोणत्या थरापर्यंत चढले होते याची कल्पना येईल. ज्यास पक्ष्याची जोडी परवडत नसे तो तिची अंडी मागवी, आणि एक्स्प्रेस कंपन्यांच्या टोपल्यांतून ती आगगाडीने व आगबोटीने देशभर फिरू लागली. जॉर्ज बर्नहॅम नावाच्या ज्या व्यापाऱ्याने या वेडावर चांगलीच कमाई केली, त्यानेच १८५५ साली त्याचा इतिहास लिहून गिऱ्हाइकांचा आणि स्वतःचाही यथेच्छ उपहास केला. १८५२ साली याच गृहस्थाने व्हिक्टोरिया राणीस आपले काही करडे पक्षी नजर केले होते आणि राणीकडून उलट तिची तसबीर मिळविली होती; ती जाहिरात त्यास किती फळली असेल हे सांगावयास नको.

या पक्ष्यांच्या नावांकडे आपण भारतीयांनी जरा कौतुकाने पाहावे. शांघायहून आलेल्या एका जातीस ‘कोचीन’ हे नाव चिकटले, आणि दुसरीस बोस्टनच्या बाजारात ‘ब्रह्मपुत्रा’ म्हणू लागले. ही दुसरी जात चीनचीच आहे, ब्रह्मपुत्रेचा तिच्याशी संबंध नाही, असा वाद तज्ज्ञांनी घातला. परंतु नाव टिकले, पुढे त्याची शेपटी तुटून नुसते ‘ब्रह्मा’ उरले आणि लुइस राइट या इंग्रज लेखकाने त्या जातीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ज्या व्यापारात माल दिसत नाही तेथे नावालाच मालाची किंमत येते. कवचाच्या आत ब्रह्मा आहे की गावठी, हे सांगणारी खूण अंड्यावर नसे; ती फक्त पाठविणाऱ्याच्या पत्रात असे, आणि पत्रातील मजकूर खोटा निघाला तरी त्याची खात्री पिलास पिसे फुटेपर्यंत पटत नसे. सहजच लबाडीला ऊत आला, आणि लबाडीच्या भीतीतून पहिली हमी जन्मास आली: जातीची लेखी व्याख्या. १८७३ साली बफेलो शहरी अमेरिकन कुक्कुटपालकांची संस्था स्थापन झाली आणि पुढील वर्षी तिने प्रत्येक जातीचा तुरा, पाय, पिसांचा रंग व देहाचा घाट कसा असावा याचे प्रमाणपुस्तक छापले. खानदानाचे दप्तर तयार झाल्यामुळे अंडे नाही तरी अंड्याचे नाव मोजमापात आले.

याच सुमारास या पक्ष्यांच्या मूळ पुरुषाचा शोध विलायतेत चालू होता आणि त्याची वाट कलकत्त्यावरून जात होती. चार्ल्स डार्विनने कोंबड्यांच्या जातींविषयी देशोदेशींच्या माणसांशी टपालाने जो अखंड व्यवहार ठेवला, त्यात विलायतेतील टेगेटमायर हा कुक्कुटतज्ज्ञ जसा होता तसाच कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या वस्तुसंग्रहालयाचा व्यवस्थापक एडवर्ड ब्लाइद हाही होता. सर्व पाळीव कोंबड्या भारत व त्याच्या पूर्वेकडील अरण्यांतील तांबड्या रानकोंबड्यापासून निघाल्या, असे अनुमान डार्विनने १८६८ च्या आपल्या ग्रंथात मांडले. त्यास पुरवणी जोडली ती अगदी अलीकडे, २००८ साली: पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत पिवळेपणाचा जो गुण आहे तो तांबड्याकडून आलेला नसून करड्या रानकोंबड्याकडून आलेला आहे असे आनुवंशिक परीक्षेने दिसून आले. हा करडा रानकोंबडा म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या झाडीत पहाटे आरवणारा पक्षी. ज्या पांढऱ्या लेगहॉर्न जातीची अंडी विलायतेत व अमेरिकेत टोपल्यांतून फिरली तिच्या पिवळ्या पायांत आपल्या डोंगरातल्या या रहिवाशाचा अंश होता, आणि ही गोष्ट ना विकणाऱ्यास ठाऊक होती ना घेणाऱ्यास.

नावाची हमी झाली, राहिला प्रवास. इंग्लंडात सरकारी पार्सल-टपाल १ ऑगस्ट १८८३ रोजी सुरू झाले आणि तेरा अंड्यांचे एक रवण हे तेथील विक्रीचे रूढ माप टपालानेही जाऊ लागले. अमेरिकेत तेच माप पुढे बहुधा पंधराचे झाले. बांधणीचे शास्त्र अनुभवाने वाढत गेले. प्रत्येक अंडे कागदात गुंडाळावे, भोवती गवत, कोंडा किंवा लाकडाचा लांब कातीव भुसा भरावा, म्हणजे एक अंडे दुसऱ्यास आणि कोणतेही अंडे भिंतीस भिडणार नाही, इतके तर कोणासही सुचेल. परंतु अनुभवी माणूस लाकडी पेटीपेक्षा मूठ असलेली टोपली पसंत करी, आणि तिचे कारण मनुष्यस्वभावात होते: पेटी दिसली की हमाल ती फेकतो, मूठ दिसली की तो ती हाताने धरून उचलतो. अमेरिकन टपालखात्याने १९१३ मध्ये केलेल्या नियमांतही हाच व्यवहारीपणा आहे. जवळच्या गावी जाणारी अंडी, इतर टपाल खराब होणार नाही अशा बेताने बांधलेली असली की पुरे. लांब जाणारी असल्यास मात्र प्रत्येक अंडे वेगळे गुंडाळलेले, भोवती भुसा किंवा कापूस, बाहेर मजबूत वेष्टन आणि वर ‘अंडी’ असा स्पष्ट शब्द. ११ पौंडांच्या तेव्हाच्या मर्यादेत ही पार्सले आरामात बसत. पुढच्याच वर्षी तेथील शेतकी खात्याने या वाहतुकीचा प्रयोग करून त्याचे पत्रक छापले: ४६६ खेपांत ९,१३१ अंडी पाठविली, त्यांपैकी ३२७ फुटली, म्हणजे शेकडा चारापेक्षाही कमी, आणि अगदी निकामी झाली ती २०९.

हे आकडे वाचून खाण्याची अंडी विकणाऱ्याचे समाधान झाले असेल. उबवणीची अंडी विकणाऱ्याचे होण्यासारखे नव्हते, कारण त्याच्या मालाचे खरे नुकसान न फुटताच होते. अंड्याच्या बोथट टोकाशी हवेची एक पोकळी असते, आणि पिलाचा पहिला श्वास तिच्यातलाच असतो; टपालगाडीच्या हादऱ्यांनी तिचे अस्तर सुटले की ती पोकळी अंडे फिरवू तशी आत हिंडू लागते आणि विसाव्या दिवशी पिल्लू चोच वर करते तेव्हा श्वासाची जागा जागेवर नसते. दुसरा शत्रू म्हणजे ऊब. उन्हात तापलेल्या थैलीत थांबलेला जीव अवेळी जागा होतो, चार तास वाढतो, रात्री पुन्हा थांबतो, आणि या अर्धवट जागरणाने असा दुबळा होतो की पुढे खुडूक कोंबडीच्या पोटाखालीही सावरत नाही. कवच शाबूत, वजन पूर्ण, रंग स्वच्छ, आणि आत वायदा मोडलेला: अशा मालाची तक्रार टपालखात्याकडे कशी रुजू करणार?

या पेचातून वाट काढली ती एका मिणमिणत्या दिव्याने. अंधाऱ्या खोलीत अंडे ज्योतीपुढे धरले की कवच पारदर्शक होते, आणि सातव्या दिवसाच्या सुमारास आत तीनपैकी एक चित्र दिसते. जीव वाढत असेल तर मध्ये काळा ठिपका आणि त्यापासून कोळ्याच्या पायांसारख्या पसरलेल्या तांबड्या शिरा; वाढून मेला असेल तर रक्ताचे एक कडे; आणि मुळातच फलित नसेल तर घातल्या दिवसाइतकेच कोरे, नितळ अंडे. व्यापाराच्या दृष्टीने या तीन चित्रांत अख्खा न्याय साठविलेला होता. कोरे अंडे हा विक्रेत्याचा दोष, कारण त्याच्या कोंबड्याने आपले काम केलेले नाही. रक्ताचे कडे हा प्रवासाचा किंवा उबविणाऱ्याचा. म्हणून कोरी अंडी परत पाठविल्यास ती एकवार बदलून देऊ, असा शब्द विक्रेते जाहिरातींतून देऊ लागले. साक्षीदार म्हणून खुद्द अंडेच हजर करावयाचे, अशी ही फिर्याद! अर्थात न्याय पुरता निर्दोष नव्हता. पहिल्या एकदोन दिवसांतच मेलेला जीव वरवर पाहता कोऱ्यासारखाच दिसतो, आणि तेवढ्या संधिप्रकाशात विक्रेता, गिऱ्हाईक आणि टपाल यांचे भांडण कायमचे मुक्कामास राहिले.

या भांडणास कंटाळूनच की काय, बाजाराने हळूहळू अंड्यास सोडून पिलाची कास धरली. उबवणीची यंत्रे तोवर सुधारली होती; कॅलिफोर्नियातील पेटालुमा गावी लायमन बाइसने १८७९ मध्ये आपले यंत्र सिद्ध केले आणि ते गाव पुढे जगाची अंड्यांची टोपली म्हणून मिरवू लागले, तर इंग्लंडात चार्ल्स हिअरसनने १८८१ साली उष्णता आपोआप आवरणारी डबी यंत्रास बसविली. आता घरोघरी अंडी उबविण्यापेक्षा एका जागी हजारो उबवून पिलेच का पाठवू नयेत, हा प्रश्न स्वाभाविक होता. निसर्गाने येथेही एक सवलत ठेवलेली आहे: कवच फोडण्यापूर्वी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते, आणि त्या शिदोरीवर ते दोनतीन दिवस दाणापाण्यावाचून राहू शकते. तीही आईच्याच सोयीसाठी; पहिले पिल्लू शेवटचे बाहेर येईपर्यंत थांबू शकावे म्हणून. न्यू जर्सीतील स्टॉकटनच्या जोसेफ विल्सनने १८९२ मध्ये एका दिवसाची पिले एक्स्प्रेसने शिकागोस धाडली, आणि १९१८ च्या मार्चमध्ये, ७२ तासांत पोचतील अशा बेताने, टपालखात्याने त्यांना आपल्या थैल्यांशेजारी जागा दिली. पिल्लू मोजता येते, ते जिवंत आहे हे त्याच्या चिवचिवाटाने पोस्टमास्तरालाही कळते. वायदा संपला आणि रोखीचा व्यवहार सुरू झाला. मोठ्या व्यापारातून उबवणीच्या अंड्याचे पार्सल मागे पडले, आणि दुर्मिळ जातींच्या नादी लागलेल्या हौशी मंडळींच्या हाती तेवढे उरले.

आपल्या देशात हा अध्याय फार लांबला नाही. टपाल होते, १८७७ पासून व्ही. पी.ची सोयही होती; पुस्तके, घड्याळे आणि औषधे दाम देऊन सोडवून घेण्याची सवय मराठी माणसाला चांगलीच लागली. परंतु दख्खनच्या चैत्र-वैशाखात टपालाची थैली अंड्यातील जीवाला स्वस्थ निजू देणारी नव्हती. असा माल येथे पाठवावा तर थंडीतच. संयुक्त प्रांतात एटा येथील अमेरिकन मिशनच्या कुक्कुटशाळेसारख्या संस्थांनी पांढरी लेगहॉर्न खेड्यांत नेली. पुढे उबवणीचे मोठे कारखाने निघाले, आणि १९७१ साली बी. व्ही. राव यांनी स्थापिलेल्या व पुण्याहून कारभार चालविणाऱ्या व्यंकटेश्वरा हॅचरीजच्या काळात पिले भोकांच्या खोक्यांतून मालमोटारीने गावोगाव जाऊ लागली. अंड्याच्या वायद्याची पायरी गाळून आपण थेट पिलाच्या रोखीवर आलो. त्याआधीचा आपला व्यवहार शेजारणीशेजारणींचा होता: जातिवंत कोंबडीची चार अंडी धान्याच्या दुरडीत पुरून माहेराहून आणावयाची आणि आपल्या खुडूक कोंबडीखाली सरकवावयाची. त्यात हमी नव्हती, कारण हमीची गरज नव्हती.

हौशी माणसांत मात्र ती पार्सले आजही देशोदेशी फिरत असतात, आणि ज्यास शेकडा पन्नास पिले मिळाली तो स्वतःस भाग्यवान समजतो. बर्मेचा भट्टीवाला तिनांस दोन देत असे, तेव्हा मधल्या काळात गाड्यांचा वेग वाढला तरी हिशेब सुधारला नाही. पार्सल हाती पडल्यावर काय करावे याबद्दल या मंडळींत एक नियम आहे, आणि उतावळ्या माणसास तोच सर्वांत कठीण जातो: अंडी उलगडावी, बोथट टोक वर करून थंड जागी ठेवावी, आणि निदान बारा ते चोवीस तास त्यांना मुळीच हात लावू नये, म्हणजे हादरलेली हवेची पोकळी आपल्या ठिकाणी बसते. पैसे भरून झालेले असतात, यंत्र तापून तयार असते, घरातली मुले भोवती जमलेली असतात, आणि धन्याने करावयाचे काम म्हणजे काहीही न करणे. कोंबडीच्या घरट्यात पहिले अंडे शेवटच्याची जशी वाट पाहते, तशी त्या दिवशी त्या घरास अंड्यांची वाट पाहावी लागते. एकवीस दिवसांची मोजदाद त्यानंतर सुरू होते.